न्हाणीवरचे डोळे

चांगुणाला पहिला डोळा दिसला तो न्हाणीच्या ओंडक्यावर. मसुराएवढा, लालभडक, आणि कडेनं काळ्या पापण्या. शेजारी तसेच आणखी काही, सगळे तिच्याकडं बघत असलेले.

कोपरगावाकडच्या त्या मळ्यात घरामागच्या अंघोळीच्या जागेला न्हाणी म्हणत. सुईणीनं चांगुणाच्या बाळामागची वार तिथंच खड्डा करून पुरली होती आणि वर आंब्याचा जुना ओंडका टाकला होता. बाळाची अंघोळ त्यावरच व्हायची. खाली पुरलेल्याला ऊब मिळाली की वरचं मूल जीव धरतं, असा समज. चांगुणाचं पहिलं मूल पाचवी पुजायच्या आतच गेलं होतं. म्हणून या खेपेला ती ओंडक्यावर ऊन पाणी ओतायची, तेल सोडायची, कधी कुणाच्या नकळत अंगावरचं दूधसुद्धा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं; हिनं फुंकायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

सत्तर सालचा श्रावण. कुजकं लाकूड, ऊब, तेल, दूध. बुरशीला आणखी काय हवं? बुरशीच होती ती, कुत्र्याच्या छत्रीच्या गोतातली. फक्त छत्री उलटी होऊन तिची वाटी झालेली. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, त्याला कोण समजावणार.

दोन दिवसांनी ओंडक्याखालच्या मातीतून कान निघाले. तपकिरी, मऊ, आतून माणसाच्या कानासारखेच वळलेले. एक वाटी संत्र्याच्या सालीगत केशरी, आणि शेण पडलं होतं तिथं हळदीच्या ठिपक्यांएवढ्या पिवळ्या. चांगुणाला रंगांचं कौतुक कुठलं? डोळे झाले, कान झाले. खालचं अंगाअंगानं वर येतंय, आणि ते पुरतं वर आलं की आपलं बाळ खाली जाणार, असं तिच्या मनानं घेतलं. नवरा सहादेव विचारायचा, जेवत का नाहीस? ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. बोललं तर खरं होईल, याची तिला धास्ती होती.

एके दुपारी उघडीप पडली. जीव मुठीत धरून ती काटकी घेऊन बसली, सगळ्यांत मोठा कान खरवडायला वाकली, आणि काटकी लागायच्या आतच त्यानं श्वास सोडला. पांढुरका धूर, अगदी बारीक, तिच्या तोंडावर आला. अशा वाट्या आपलं बी असंच उडवतात. चांगुणा मात्र काटकी टाकून घरात पळाली. नेमकं तेव्हाच बाळ शिंकलं.

मग तिनं न्हाणीकडचं दार लावलं. पुढचंही लावलं. झरोक्यात चिंध्या कोंबल्या, दाराच्या फटीत लुगडं दाबलं. तो श्वास आत येता कामा नये. बाजेखालच्या शेगडीत आणखी निखारे घातले, ओवा आणि वेखंड टाकून धुरी केली, आणि बाळाला छातीशी धरून पडून राहिली. बाळ खूप रडलं. मग हळूहळू गप झालं, तेव्हा तिला बरंच वाटलं. तिचंही डोकं जड झालं होतं.

सासू आक्काबाई मळ्यातून भाजी खुडून आली. तिनं हाका मारल्या, दार वाजवलं, शेवटी न्हाणीकडचं दार खांद्यानं रेटून कडी उखडली. तिनं बाळ ओढून घेतलं आणि बाहेर ओंडक्यापाशीच मांडीवर आडवं केलं. मान कलंडत होती. ती त्याचे तळवे चोळत राहिली, तोंडावर फुंकर घालत राहिली. चांगुणा रांगत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच ओकली. बराच वेळ काही झालं नाही. मग बाळानं हाताची मूठ आवळली आणि किरटं, रागीट रडू लागलं.

"निखारं पेटवून दारं लावतं का कुनी?" आक्काबाई ओरडली. "कोंडून मेलं असतं की गं."

"ते डोळं बघत हुतं, आत्याबाई."

आक्काबाईनं ओंडक्याकडं पाहिलं. कुजलेल्या लाकडाला असलं येतंच, म्हणाली, आणि बाळ चांगुणाच्या ओटीत दिलं. बाळ तोंडानं शोधू लागलं. चांगुणानं त्याला जवळ घेतलं, पण तिची नजर मागं त्या काळोख्या खोलीवर होती. पहिलं मूलही त्याच बाजेवर, माघाच्या थंडीत, खाली शेगडी आणि दारं लावून घेतलेली असताना, असंच रडता रडता गप झालं होतं. तेव्हाही तिला बरं वाटलं होतं. तिला इतकी भीती वाटली की रडूही येईना.

पावसाची भुरभुर सुरू झाली. आक्काबाईनं आत चल म्हटलं. चांगुणानं पदर बाळावर ओढला आणि ओंडक्यापाशी सरकून त्याला पाठ टेकली.

"आत न्हाई यायची मी," ती म्हणाली. "हितं वारं हाय."