नमुन्याचा सदरा

डोकं.
कागदावरचा पहिला रकाना. फवारणाऱ्या जीवनची टोपी वेगळ्या पिशवीत जाणार होती. जीवन हसला. "डोक्यात काईच नाई माह्या, मॅडम. मोजता कायले?"

छाती.
पांढरा सुती सदरा, लांब बाह्यांचा, कोरा. फवारणी झाली की तो कापायचा आणि कुठल्या तुकड्यात किती औषध मुरलं ते प्रयोगशाळेत मोजायचं. सदरा नसता तर तेवढंच कातडीवर पडलं असतं.
"नवरदेव दिसून राह्यला," त्याची बायको रुपीबाई म्हणाली. कडेवर वर्षाची पोरगी.

पाठ.
खरा प्रश्न पाठीचाच. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळतं. मागच्या वर्षी जीवन मुकुटबनजवळच्या याच कपाशीत कोसळला आणि तीन दिवस शुद्धीवर नव्हता. मालक भगवानराव म्हणतात, पिऊन पडला. आज शेताच्या धुऱ्यावर उभे राहून मला म्हणाले, "कागदावर आकडा आना, मॅडम. नवा पंप देतो. नाई तर पुढच्या साली हाच."
हंगामातली ही शेवटची फवारणी.

उजवी बाही, डावी बाही.
कपाशी डोक्याच्या वर. तो ओळीत शिरला की नुसता पंपाचा आवाज. दहा पंप भरून मारले.

पुन्हा पाठ.
बाहेर आला तेव्हा सदरा मानेपासून कमरेपर्यंत चिंब, पाठीला चिकटलेला. आकडा येणार होता. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.
ओला नमुना बांधता येत नाही. नाल्यापलीकडे दुसरा फवारणारा थांबला होता. "घरी सावलीत टांगा, जपा. दोन तासांत येते," मी जीवनला सांगितलं. रुपीबाईला काहीच सांगितलं नाही.

पाठ, तिसऱ्यांदा.
मी परत आले तेव्हा जीवन आंघोळ करून झोपला होता. दोरीवर सदरा. पांढराशुभ्र.
"दुसऱ्याचा कपडा असा मळका वापस कसा द्याचा?" रुपीबाई म्हणाली. "लय वास होता, मॅडम. तीनदा साबन लावला, दगडावर घासला. निंघाला ना चांगला?"
"निघाला," मी म्हणाले.

तळहात.
या रकान्यात फवारणाऱ्याच्या हातांवरचं औषध मोजायचं असतं. तिचे तळहात लाल होते. "मुंग्या येऊन राह्यल्या," ती म्हणाली. जीवनच्या हातावरचं औषध उतरवायला आणलेली स्पिरिटची पिशवी उघडून मी तिचे हात त्यात बुडवले.
नाव: रुपीबाई.
काम:
इथे पेन थांबलं. "त्या पाण्यात आणखी काय धुतलं?"
"पोरीचं झबलं. पानी कुठं हाये एवढं?"

पोरगी उंबऱ्यात बसली होती. वाळलेलं झबलं अंगात. हनुवटीवरून लाळेची तार, छातीपर्यंत.
"दात येऊन राह्यले तिले," रुपीबाई म्हणाली.
मी पोरीचे डोळे उजेडाकडे वळवले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. औषध अंगात भिनल्याची खूण.

(या वयाला कागदावर रकाना नाही.)

झबलं ओढून काढलं, माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या अंगावर ओतलं, सोबत आलेल्या जीपवाल्याला हाक मारली. जीवन धडपडत उठला, पोरीला उचलून धावला.
झबलं माझ्या हातात राहिलं. डॉक्टरला दाखवायला तेवढंच उरलं होतं. मी पिशवी शोधू लागले.
रुपीबाईने ते माझ्या हातातून घेतलं.
"मळलं ते. दवाखान्यात असं कसं न्याचं? थांबा, मॅडम, धुऊन देतो."