वरची

मुलांनो, असं समजा, की तुम्ही सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात बसला आहात. समोरच्या भिंतीकडे बघा. फळ्याच्या वर वीतभर अंतरावर एक मातकट रेघ दिसते ना? ती रंगाऱ्यानं ओढलेली नाही. मागच्या पावसाळ्यात पूर तिथपर्यंत चढला होता. आता मागं वळा. शेवटच्या बाकावर एकटी बसलेली ती मुलगी म्हणजे संयोगिता. तिच्या शेजारी जाऊन बसाल का? थांबा, घाईनं हो म्हणू नका. आधी ऐका.

संयोगिता सातारा जिल्ह्यातली, नदीच्या वरच्या अंगाच्या, धरणाजवळच्या पाटणकडची. वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांची बदली झाली म्हणून ती या शाळेत आली. पहिल्याच दिवशी पृथ्वीराजनं तिला गाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"म्हंजे वरची! वरच्यांनी पाणी सोडलं आन् आमची म्हस दावणीला बुडून मेली."

त्याच वर्गातल्या श्रद्धाच्या घराचं तर विचारूच नका. हळदीची पोती कुजली होती, स्वयंपाकघराची भिंत बसली होती. जेवताना, झोपताना वडिलांचं एकच पालुपद, "वरच्यांनी बुडवलं." तेव्हा संयोगिताला भिजवायचा खेळ श्रद्धानंच काढला, यात नवल नाही. मधली सुट्टी झाली की कुणीतरी ओरडायचं, "धरणाचा दरवाजा उघडा!" की श्रद्धा आपली बाटली संयोगिताच्या दप्तरात उपडी करायची. वर्ग खिदळायचा. बाईंनी विचारलं तर संयोगिता म्हणायची, "बाटली सांडली, बाई."

शनिवारी मात्र ती उठून उभी राहिली.

"अजून एकदा भिजवलं, तर मी शाळाच सोडणार. बाबांना सांगितलंय."

"मग सोड की! कुणी धरून ठिवलंय?" पृथ्वीराज म्हणाला. "सोमवारी बाटली न्हाई, बादली. काय गं श्रद्धा?"

"बादलीच," श्रद्धा म्हणाली. सगळ्या वर्गानं टाळ्या पिटल्या. तिला फार बरं वाटलं.

रविवारी श्रद्धा वडिलांबरोबर त्रिशलाआत्याकडे गेली. आत्या दिलेली अथणीकडच्या गावात, कर्नाटकात. गाव कृष्णेच्याच काठावर. आत्याच्या घरी मराठीही बोलत आणि कन्नडही. श्रद्धाला कन्नडचं एक अक्षर कळत नव्हतं. आत्याचा मुलगा जिनेंद्र तिला नदी दाखवायला घेऊन निघाला. ऊन मी म्हणत होतं. वाटेत एक पडकं घर लागलं. पुढं दगडावर गंगव्वा नावाची म्हातारी बसली होती. पोरीचा घाम बघून तिनं आपण होऊन तांब्या भरला.

"यार इवळु?" म्हातारीनं विचारलं. कोण ही?

"सांगली," जिनेंद्र म्हणाला.

पुढं केलेला तांब्या मागं गेला. म्हातारीनं ते पाणी श्रद्धाच्या पायांपुढच्या मातीत भडाभडा ओतलं, आणि हात नाचवत ओरडली, "मेले! मेले!"

श्रद्धा उडालीच. "आवं आजी, कोण मेलं? मी काय केलं तुमचं?"

जिनेंद्र तिचा हात धरून तिला ओढतच पुढं घेऊन गेला, आणि लांब गेल्यावर पोट धरून हसला.

"अगं येडे, शिवी न्हाई ती! कन्नडमधी मेले म्हंजी वर. मेलिनवरु म्हंजी वरचे लोक. तुमी वरचे. तुमच्याकडचं पाणी आलं आन् तिचं घर पडलं."

"आमी वरचे?" श्रद्धा भडकली. "आमचंच घर बुडालं की रं! आमी कुठं पाणी सोडलं?"

"ते तिला सांग जा. ऐकती का बघ."

"मग तुमी कोण?"

"आमी? आमाला खालचे लोक शिव्या घालत्यात. त्यास्नी त्यांच्या खालचे. असं पार समुद्रापतोर."

"आन् समुद्राच्या पल्याड?"

जिनेंद्रनं खांदे उडवले. "तितं बी असंल की कुणीतरी, आपल्याला वरचे म्हणणारं."

आत्यानं एवढ्या कौतुकानं केलेली पुरणपोळी श्रद्धानं अर्धीच टाकली. तांब्या मागं गेला होता, तो तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सोमवार उजाडला. मधल्या सुट्टीत पृथ्वीराजनं हापशावरून बादली भरून आणली आणि श्रद्धापुढं ठेवली. पोरं बाकांवर चढली. "दरवाजा उघडा! दरवाजा उघडा!"

संयोगितानं दप्तर छातीशी गच्च धरलं होतं.

श्रद्धा उठली. बादलीला हात न लावता शेवटच्या बाकाजवळ गेली आणि संयोगिताच्या पुढं उभी राहिली.

"वरच्यांवरच ओतायचं ना? मग माझ्यावर ओत. मी बी वरची हाय."

"तू कशी वरची? डोकं फिरलं का तुझं?"

"आत्याच्या गावात जाऊन इचार. तू बी वरचाच हायस, पृथ्वीराज."

"मी? मी वरचा?" त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याची म्हैस बुडाली होती, मुलांनो. त्याला कुणी वरचा म्हणावं, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. "गद्दार!" असं ओरडून त्यानं बादली उचलली आणि सगळी श्रद्धाच्या अंगावर रिकामी केली.

या वेळी कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. दोनचार पोरं हसली. श्रद्धाची जिवाभावाची मैत्रीण साक्षी तोंड फिरवून बाकावरून खाली उतरली.

श्रद्धाच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. तिनं आपलं दप्तर आणलं आणि ती शेवटच्या बाकाच्या कडेला टेकली. संयोगितानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आभार तर लांबच राहिले. इतके दिवस भिजलेल्या वह्या काय एका बादलीनं वाळतात?

दप्तरातून वही काढून बाकावर ठेवत संयोगिता पुटपुटली, "तुझं पाणी माझ्याकडं यायला लागलंय."

श्रद्धानं खाली पाहिलं. तिच्या बाहीतून निघालेला ओघळ बाकावरून सरकत संयोगिताच्या वहीकडे चालला होता. तिनं झटकन ओढणी पिळली, आणि तो ओघळ वहीपर्यंत पोचायच्या आत पुसायला लागली.