बाळाच्या उशाची वाटी

मित्रांनो, संग्रहालयाच्या खालच्या मजल्यावर काचेच्या कपाटात नऊ मडकी मांडली आहेत. त्यांच्या कडेला बोटभर उंचीची वेडीवाकडी वाटी दिसते ना, ती मी. माझं वय विचारू नका; इथल्या तज्ज्ञांचंही त्यावर एकमत नाही.

एका आईने मला घाईघाईने घडवलं. तिचं बाळ गेलं होतं. मी धड भाजलेही नव्हते, तोच तिने मला त्याच्या उशाशी ठेवलं. मग वस्तीतल्या सगळ्यांनी पाट्या भरभरून माती आणली आणि वर टेकडीएवढा ढीग रचला. सुरुवातीला मला फार भरून यायचं. पुढे शतकं लोटली आणि काही वाटेनासं झालं.

एक दिवस ढीग खणला गेला. बाळाची हाडं फार नाजूक, म्हणून उत्खननाच्या मोठ्या बाईंनी भोवतालच्या मातीसकट अख्खं ढेकूळ उचललं. मी त्यातच होते. मला पहिल्यांदा पाहिलं ते वस्तू धुणाऱ्या मावशींनी.

"अगंबाई, केवढीशी ही!" म्हणत त्यांनी मला अंगठ्याने अलगद चोळलं. किती काळाने माणसाचा हात लागत होता! तेव्हा मात्र आत काहीतरी हललं.

एका वेळी एकाच कबरीचं सामान धुवायचं आणि प्रत्येक वस्तूखाली कबरीच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची, हा तिथला शिरस्ता. मावशींनी त्या दिवशी घाईत शेजारच्या कबरीतल्या म्हाताऱ्याची मडकीही माझ्याबरोबर वाळत घातली. तीही ढेकळांतूनच निघालेली, त्यामुळे नक्की किती ते अजून कोणी मोजलं नव्हतं. वारा सुटला, चिठ्ठ्या उडाल्या. मावशींनी धावतपळत गोळा केल्या, पण माझी काही सापडेना. आदल्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक मडकं फुटलं होतं आणि बाईंनी बजावलं होतं, "पुन्हा चूक झाली तर उद्यापासून येऊ नका."

बाई येताना दिसल्या, तशी मावशींनी मला गुपचूप म्हाताऱ्याच्या ट्रेमध्ये सारलं.

"बाळाच्या मातीत काही निघालं का हो, मावशी?"

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही बाई. नुसती माती."

बाईंनी वहीत तसं लिहून घेतलं. मावशींची नोकरी राहिली. त्यांच्यावर मी रागावलेली नाही; रागवायला आत काही उरावं लागतं.

म्हणून सांगते मित्रांनो, चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाका. चार शब्द ऐकावे लागतील, तेवढे ऐका. नाहीतर ती भलत्याच कोणाच्या माथी बसते.

समोरच्या कपाटात बाळाची हाडं आहेत. खाली पाटी आहे: 'सोबत एकही वस्तू नाही. या लोकांना लहान मुलांचं फारसं महत्त्व वाटत नसावं.' काल एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. पाटी वाचून तिने लेकराला घट्ट धरलं.

"कसली गं ती आई," ती बहिणीला म्हणाली, "पोराला साधी वाटीसुद्धा दिली नाही."