उजवी पाकळी

जयवंत परब आणि सुलक्षणा यांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत दोघं एकमेकांशी फक्त कुजबुजली होती. प्रेम ऊतू जात होतं असं नाही. खोली एक होती. घाटकोपरच्या त्या खोलीत जयवंत, सुलक्षणा, आई जानकी, थोरला भाऊ दत्ताराम, वहिनी, त्यांची तीन पोरं आणि वहिनीची शिलाई मशीन असे नऊ जण राहत. मशीनही घोरते असा जयवंतला संशय होता.

भांडायचं झालं तर गुरुवारची वाट बघावी लागे. गुरुवारी टीव्हीवर गाणी लागली की अर्धा तास अख्ख्या चाळीत आवाज मोठा असे, तेवढ्यात नवरा-बायकोनं आटपून घ्यायचं. गावाहून आलेली आंब्याची पेटी कुणी उघडी ठेवली, यावरचं भांडण तीन गुरुवार चाललं आणि चौथ्या गुरुवारी वीज गेल्यामुळे मिटलं.

म्हणून मुलुंडला एक बैठं घर विकायला आहे असं कळलं, तेव्हा सुलक्षणानं खोल्या किती, पाणी किती वाजता, असलं काही विचारलं नाही. ती कुजबुजली, "मधे दार आहे ना? आपटता येतं?"

मधे दार होतं. फक्त ते पावसानं इतकं फुगलं होतं की चौकटीला ते आपलं वाटत नव्हतं.

नुकतंच नवरात्र बसलं होतं. रविवारी सकाळी जयवंत, सुलक्षणा आणि जानकी घर बघायला पोचले. एजंट चंद्रप्रकाश क्रीम रंगाच्या सफारीत आधीच हजर होता. घरातली प्रत्येक खोट ही मालकानं मुद्दाम करून घेतलेली सोय आहे, असं सांगण्यात त्याचा हातखंडा होता. छपराच्या पत्र्याला भोक होतं, तिथून उन्हाचा कवडसा बरोबर जयवंतच्या टकलावर पडला.

"नॅचरल लाइट," चंद्रप्रकाश म्हणाला. "दिवसा बल्ब लावायलाच नको."

जानकीनं पिशवीतला नारळ जमिनीवर ठेवला. नारळ क्षणभर थांबला, मग स्वतःहून निघाला, खोली ओलांडली, उंबऱ्याला वळसा घातला आणि आतल्या मोरीत जाऊन बसला.

"बघितलंत? पाणी तुंबायचा प्रश्नच नाही."

जयवंतनं वाकून एका डोळ्यानं जमिनीचा उतार बघितला. तो साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर होता. एक केसभर फरक पडला तर तो अख्खा भाग पुन्हा नव्यानं करायचा. आणि इथं जमीनच मोरीच्या दिशेनं निघाली होती.

त्यानं ओळखीचा गवंडी बोलावला होता. अंबादास मूळचा जालन्याकडचा, मुंबईत वीस वर्षं भिंतीच बघत आलेला. डॉक्टर पाठ ठोकतो तसा तो थापीच्या दांड्यानं भिंती ठोकत फिरला. दोनदा त्यानं भिंतीला कान लावला. मग बिडी कानामागे ठेवून सांगू लागला.

"पत्रे बदलावे लागतील. खालची फरशी उखडून लेव्हल करायची. मोरी नवी. खिडक्या नव्या. प्लास्टर सगळं पाडायचं. मधलं दार फेकायचं."

"मग राहील काय?" जयवंतनं विचारलं.

अंबादासनं प्रामाणिकपणे विचार केला. "पत्ता राहील," तो म्हणाला.

"तुम्ही निवांत विचार करा," चंद्रप्रकाश म्हणाला. "बारा वाजता बोरिवलीची पार्टी येतेय. त्यांनी खिशात बयाणा घेऊनच निघणार म्हणून सांगितलंय. बाकी काही घाई नाही."

साडेनऊ झाले होते. सुलक्षणा नवऱ्याच्या जवळ सरकली आणि सवयीनं त्याच्या कानात म्हणाली, "घेऊया." जयवंत तिच्या कानात म्हणाला, "पडेल गं." ती म्हणाली, "पडू दे, पण आपल्यावर पडू दे."

पण निर्णय या दोघांच्या हातात नव्हताच. जानकीनं पदर खोचला.

"देवाक इच्यारल्याशिवाय घर घेवचा नाय," तिनं जाहीर केलं. "कौल लावया."

कौल लावायची पद्धत साधी. देवाच्या अंगावर फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावाला हे काम गुरव करतो. इथं जानकीनं गावच्या देवाची तसबीर आणली होती आणि ज्या घराबद्दल विचारायचं त्याच घरात विचारायचं, असा तिचा आग्रह होता.

तसबीर टांगायला अंबादासनं आतल्या खोलीच्या भिंतीत खिळा मारला. भिंतीनं तो शिऱ्यात चमचा जावा तसा आत घेतला आणि थोड्या वेळानं बाहेर टाकला. दुसरा खिळा मारला. तोही परत आला. तिसरा भिंतीनं ठेवून घेतला, पण तो पुन्हा कुणालाच दिसला नाही.

"ऱ्हवांदे," जानकी म्हणाली. "घराक थेटच इच्यारूया." तिनं तसबीर कोनाड्यात टेकवली, तिच्यावरच्या भिंतीवर कुंकवाचं बोट ओढलं आणि जास्वंदीच्या दोन पाकळ्या दोन बाजूंना लावल्या. पाणी लावायची गरजच पडली नाही. पोस्टाच्या तिकिटासारख्या त्या आपोआप चिकटल्या.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय तुझी लेकरां ह्या मुलुंडात तुझ्या पायाकडे उभी ऱ्हवली आसत, तेंका ह्या घर घेवचा की नाय, ता उजवो-डावो करून सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. चंद्रप्रकाश सगळ्यात मोठ्यानं म्हणाला. त्याचं कमिशन अडकलं होतं.

दहा वाजले. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. साडेदहा वाजले. कुणी शिंकायचं नाही, असा जानकीचा हुकूम होता, त्यामुळे सफारीतल्या माणसानं नाक दाबून डोळ्यांतून शिंक काढली. अकरा वाजले. पाकळ्या आता आधीपेक्षा ताज्या दिसत होत्या.

"आजी," अंबादास म्हणाला, "आपण कौलबिल मानत नाही. पण भिंत आपल्याला कळते. या भिंतीत इतकी ओल आहे की या पाकळ्या दिवाळीपर्यंत पडायच्या नाहीत. उलट मुळं फुटतील."

"गप रे. देव इचार करता."

साडेअकराला जानकीचे पाय भरून आले. "मी परसात शेवगो बगून येतंय. हात लावू नकात हां कोणी," असं बजावून ती मागच्या दारानं गेली. चंद्रप्रकाश शेवग्याचे गुण सांगत मागोमाग गेला आणि अंबादास बिडी ओढायला.

आतल्या खोलीत जयवंत एकटा उरला. त्यानं पत्र्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. मोरीत नारळ अजून बसून होता. सुलक्षणा बाहेरच्या खोलीत खिडकी मोजत होती. हात लावायचा नाही असं आई म्हणाली होती. फुंकरीबद्दल ती काहीच बोलली नव्हती. तो हळूच भिंतीशी गेला, छाती भरून घेतली आणि डाव्या पाकळीवर जोरात फुंकर मारली.

पाकळी ढिम्म. त्यानं दम घ्यायला मान वळवली, तर उजव्या पाकळीपाशी सुलक्षणा गाल फुगवून उभी.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिनं गाल सोडले.

"काय करताय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"बघत होतो. तू?"

"मीपण बघतच होते. डावीकडून काय बघत होतात?"

जयवंतनं नजर मोरीतल्या नारळाकडे वळवली. तिचे डोळे मोठे होत गेले.

"तुम्ही डावीला फुंकर घातलीत?"

हे वाक्य कुजबुजत सुरू झालं आणि 'घातलीत'पाशी पोचेपर्यंत पत्र्यावरचा कावळा उडाला. जयवंत चकित झाला. बायकोचा आवाज बारीक आहे अशी त्याची चार वर्षं समजूत होती. तो चांगला दोन खोल्यांच्या मापाचा निघाला. तीही चकित झाली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी "शूऽऽ" म्हणालं नाही. मशीनसुद्धा नव्हती.

"भित्रे आहात तुम्ही!" तिनं करून बघितलं. छान वाजलं.

"अगं, घर पडायला आलंय!" तोही ओरडला, आणि छातीतला चार वर्षांचा बोळा सुटल्यासारखं त्याला वाटलं. "मी फिटर आहे! मला कळतं!"

"फिटर आहात तर फिट करा ना! आणि ती आंब्याची पेटी तुम्हीच उघडी ठेवली होती!"

"मी नाही! दत्तादादानं ठेवली होती!"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"गाणी संपली होती!"

दोघंही आता हसत होती, पण भांडण सोडत नव्हती. इतक्या दिवसांनी हाती लागलेलं भांडण कोण सोडतो! सुलक्षणानं पदर झटकला.

"चालले मी!"

"कुठे?"

"बाहेरच्या खोलीत! इथं दुसरी खोली आहे!"

आणि जाताना तिनं ते फुगलेलं दार दोन्ही हातांनी धरून असं काही आपटलं की कित्येक पावसाळ्यांनंतर ते चौकटीत बसलं. धाडकन. घर एकदा शहारलं. खिळे परत करणाऱ्या त्या भिंतीनं थोडा विचार केला आणि ताटाएवढं प्लास्टर सुटून जयवंतच्या पायाशी आलं. त्याच्यावर, जराही न चुरगळता, एक पाकळी.

परसातून सगळे धावत आत आले.

"खयची पडली? खयची?" जानकीनं विचारलं.

"उजवी," जयवंत म्हणाला.

"हात लावलस?"

"नाही."

"फुकलस?"

जयवंतनं खरं ते सांगितलं. "उजवीला नाही."

"दिल्यान!" जानकीनं भिंतीला हात जोडले. "उजवो दिल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चंद्रप्रकाश घड्याळाकडे बघत म्हणाला. बाराला दहा कमी होते.

अंबादासनं भिंतीचा उघडा भाग ठोकून बघितला. "आतली वीट चांगली आहे," तो म्हणाला. "आणि एवढं प्लास्टर पाडायची मजुरी वाचली. दारपण राहू द्या. बसलंय आता."

दार खरंच बसलं होतं. पलीकडून सुलक्षणा धक्के देत होती आणि ते उघडत नव्हतं. तिला बाहेरून वळसा घालून येता आलं असतं, पण ती अजून भांडत होती.

जयवंत दारापाशी गेला. हातात ती पाकळी होती. त्यानं फटीला तोंड लावलं आणि सवयीनं कुजबुजला, "सुलक्षणा, घेऊया ना?"

"काय?" पलीकडून आवाज आला. "ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!"

जयवंतनं पुन्हा छाती भरून घेतली.