कागदी घराची मागची भिंत

"मामा, शिंपीकाकांनी ती भिंत खरंच स्वतःच्या हातानं फोडली होती का?"

भिंगरीनं विचारलं आणि जेवणाच्या टेबलावरचं बोलणं असं थांबलं, जसं कुणी मेन स्विच खाली ओढावा. आईचा हात पाण्याच्या तांब्याशीच राहिला. बाबांनी नुकताच घास तोंडात घातला होता. तो त्यांनी ना चावला, ना गिळला.

प्रश्न खरं तर पैजेचा होता. शाळेत डबा खाताना तिची मैत्रीण लांबडी म्हणाली होती, "तुझ्या मामाला तोंडावर विचारून दाखव, तर तुला मानलं." दुसरी मैत्रीण गोगलगाय एरवी एक वाक्य बोलायला अख्खी मधली सुट्टी घेते, पण तीसुद्धा चटकन म्हणाली, "ही कसली विचारतेय! मामाची लाडकी भाची ना." झालं! भिंगरीला डिवचायला एवढं पुरेसं होतं. वर्षभरापूर्वी हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज घशातच बसायचा, ती हल्ली कुणालाही काहीही विचारायची. तिनं कागदाचं अख्खं गाव बनवलं होतं. प्रदर्शनात लोकांनी ते वाकून वाकून पाहिलं होतं, त्यातली घरं विकतही घेतली होती. अशा मुलीनं आता घाबरायचं म्हणजे काय?

पण हा प्रश्न भलताच होता. मामाच्या दुमजली इमारतीची मागची भिंत गेल्या महिन्यात भरदुपारी कोसळली. खालच्या खोलीत मशीनवर वाकलेले शिंपीकाका तिच्याखाली सापडले. विटा उपसून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा गळ्यातली मापाची टेप तेवढी धड होती. मामाचं म्हणणं असं, की त्यांनीच फळी बसवायला विटा काढल्या, भिंत पोकळ केली आणि आपल्या करणीनं गेले. मेलेला माणूस काही उलट उत्तर द्यायला येत नाही.

भिंगरीला वाटलं, आता मामाचा पारा चढणार. पण मामा हसला. त्यानं खुर्चीशेजारची पिशवी मांडीवर घेतली आणि आतून त्याच्याच इमारतीची कागदी प्रतिकृती काढून ताटाशेजारी ठेवली. दुमजली, विटांची, हिरव्या दारांची. उंचीला जेमतेम पाण्याच्या पेल्याएवढी.

"ही कुणी केली?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"यावर छापलेला फोटो कुणी काढला?"

"मीच."

"कधी?"

"प्रदर्शनाच्या आधी."

"म्हणजे भिंत पडायच्या कितीतरी आधी." मामानं इमारत फिरवून तिची पाठ सगळ्यांसमोर केली. "आता बघा. आहे कुठे चरा? आहे कुठे भेग? भिंत कशी, आरशासारखी! उद्या चौकशीचे साहेब येतायत. दाजी, या भिंतीचा मोठा फोटो छापून ठेवा. आणि भिंगरे, तू फक्त एवढंच सांगायचं, की हा फोटो मी काढला. शाळकरी पोरीनं खेळासाठी काढलेला फोटो, त्याला खोटा कोण म्हणेल? सांगशील ना?"

"हो," भिंगरी म्हणून गेली. मामानं काही मागितलं की या घरात 'हो' असंच म्हणायचं असतं. ते शिकवावं लागत नाही, आपोआप अंगात येतं.

मग तिची नजर त्या भिंतीवर गेली आणि तिचं जेवण तिथंच संपलं.

विटांवर कबुतराच्या घाणीचा एक पांढरा डाग होता, बदामासारखा, खाली शेपूट आलेला. त्याच्या वर, जरा तिरका, तसाच दुसरा. त्याच्याही वर, तितकाच तिरका, तसाच तिसरा. तेच शेपूट, तोच बदाम.

हा डाग तिच्या आधी ड्रायव्हरआजोबांनी पकडला होता. ते खरी इंजिनं चालवून निवृत्त झालेले. आता बैठकीच्या खोलीत टेबलं जोडून, त्यांवर रूळ मांडून, बोटाएवढ्या गाड्या पळवायचे. गाड्या भारी, स्टेशन भारी, पण गाव कुठेच नव्हतं, कारण दुकानातली प्लास्टिकची घरं परवडत नव्हती. तेवढ्यात भिंगरी त्यांच्याकडे बाबांच्या छापखान्यातली पत्रकं द्यायला गेली आणि म्हणाली, "एवढी मोठी गाडी जाते कुणाकडे? इथे तर कुणीच राहत नाही!" आजोबा खदखदून हसले. म्हणाले, "मग वसव की तू."

तिनं वसवलं. ऊन नीट पडलं की रस्त्यापलीकडे उभं राहून इमारतीचे चारी बाजूंनी फोटो घ्यायचे. कॉम्प्युटरवर तिरक्या रेषा सरळ करायच्या. कडांना गोंद लावायला अरुंद पट्ट्या, म्हणजे 'कान', जोडायचे. मग जाड कागदावर छपाई. छापताना 'पानात बसवा' हे बटण चुकून चालू राहिलं, की अख्खं घर थोडं आकसतं आणि शेजारच्या स्टेशनचा मास्तर त्याच्या दारातून वाकून जाईल असं दिसतं. पहिली सगळी गल्ली तिनं तशीच छापली होती, बुटक्यांची. शाई संपलेल्या बॉलपेननं घडीची रेघ दाबायची, दुमडायचं, गोंद लावायचा, कापलेल्या पांढऱ्या कडा पेन्सिलीनं रंगवायच्या. प्लास्टिकचं एक घर येतं तेवढ्यात कागदाची गल्ली उभी राहते.

आणि या सगळ्याच्या मध्ये असायची 'सफाई'. खऱ्या इमारतीवर काय नसतं! लोंबत्या वायरी, फाटकी पोस्टरं, वाळत घातलेले पायजमे, पाण्याचे ओघळ. ते सगळं पुसायचं. पुसायचं म्हणजे भिंतीचाच एखादा चांगला तुकडा उचलायचा आणि खराब जागेवर ठेवायचा. घाईत मात्र एकच तुकडा पुन्हा पुन्हा उचलला जातो आणि मग एकच डाग तीनदा उगवतो. ही चूक कागदी घरं बनवणाऱ्यांनाच जमते, गवंड्याला कधी जमणार नाही. आजोबा तेव्हा भिंग लावून म्हणाले होते, "तुझ्या गावातलं कबूतर फार शिस्तीचं दिसतंय, पोरी. माप घेऊन घाण करतं." त्यावर दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

आज टेबलाशी तिला त्यातलं एकच आठवलं. तीन ठिगळं, तिरकी, एकावर एक. म्हणजे खाली काहीतरी तिरकं, लांब होतं.

मामा गेला तशी ती छापखान्यात गेली. छापखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. तिनं कॉम्प्युटर चालू केला आणि मूळ फोटो उघडला.

तडा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून छतापर्यंत गेला होता. खाली बोट जाईल एवढा रुंद, वर दोऱ्यासारखा. आणि त्याच्या वरच्या टोकाशी एक आडवी निळी रेघ होती. त्याखाली दुसरी, जरा पुसट. त्याखाली तिसरी. शिंपी कापडावर मारतात त्या चपट्या खडूच्या रेघा. तडा वर चढत होता आणि प्रत्येक वेळी तो कुठपर्यंत पोचला, ते कुणीतरी शिडी लावून नोंदवत होतं.

तेव्हा तिला त्या रेघोट्या वाटल्या होत्या. पोरांनी मारलेल्या. त्याही तिनं पुसल्या होत्या, अगदी मन लावून.

"सापडलं?" बाबा दारात उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबा आत आले. स्टुलावर बसले. हात स्वच्छ होते, तरी शाईच्या फडक्यानं पुसत राहिले. "तू मला विचारलं होतंस. बाबा, तडा राहू देऊ का, जुनं घर छान दिसेल. मी म्हणालो, पूस. फुटकं घर कोण विकत घेईल?"

भिंगरीला ते अजिबात आठवत नव्हतं. बाबांना मात्र शब्दन् शब्द पाठ होता.

"मग भिंत पडली तेव्हा तुम्हाला..."

"बातमी आली त्याच क्षणी."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"हे छपाईचं मशीन तुझ्या मामानं आणून दिलंय. माझी नोकरी गेली तेव्हा मला दारात कुणी उभं करत नव्हतं, ते ठाऊक आहे तुला?" बाबांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "हा फोटोही मी काढून टाकणार होतो. दोनदा बसलो इथे. बटणावर बोट ठेवलं. नाही झालं. पुसायचं नाही आणि दाखवायचंही नाही, एवढीच माझी मर्दुमकी."

भिंगरीनं बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्यांचा राग आला, दयाही आली आणि आपल्याला दया येतेय याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती लांबडीबरोबर गेली. शिंपीकाकू लांबडीच्या घरामागच्या खोलीत राहायला आल्या होत्या. खोलीत कपड्यांचे गठ्ठे होते, अर्धे शिवलेले. गिऱ्हाइकं आपापली कापडं परत न्यायला येत होती. काकू एकेक झटकत होत्या आणि प्रत्येक झटक्याला विटांची लाल धूळ उडत होती.

"ये," काकू म्हणाल्या. "मामानं पाठवलं?"

"नाही."

"मग?"

भिंगरीनं दप्तरातून छापलेला मूळ फोटो काढून पुढे धरला. काकूंनी तो उजेडात नेला. मग निळ्या रेघांवर एकेक करून अंगठा ठेवला.

"ही रेघ मारली, तेव्हा शिडी मीच धरली होती. हे खाली उतरले आणि तसेच तुझ्या मामाकडे गेले. मामा म्हणाला, शिंप्यानं कापड बघावं. पुढच्या खेपेला म्हणाला, भीती वाटते तर खोली सोड." काकूंनी फोटो खाली केला. "आता येणारा-जाणारा मला विचारतो, काय हो, फळीसाठी विटा कशाला काढल्या? कापड परत न्यायला येतात आणि तेवढं विचारून जातात. माझा माणूस घरात खिळा ठोकायचा तरी परवानगी मागायचा गं."

लांबडीनं मान वळवली. भिंगरी जागची हलली नाही.

"प्रदर्शनात तुझं ते कागदाचं घर बघितलं होतं मी," काकू म्हणाल्या. "आमच्या खिडकीतले पडदे होते त्यात. मी शिवलेले, ठिपक्यांचे. हे हसून म्हणाले होते, बघ, आपण पण गावात राहायला गेलो. तडा पुसलास आणि पडदे ठेवलेस?"

"पडदे छान दिसत होते," भिंगरी पुटपुटली. तोंडातून निघाल्यावर तिला कळलं, याहून वाईट उत्तर जगात नसेल.

काकूंनी तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुढचं कापड उचललं आणि झटकलं.

घरी आई मामाचा सदरा इस्त्री करत होती. साहेबांसमोर जायचं, म्हणून मामानं तो मुद्दाम पाठवला होता. चौकशी तासाभरावर आली होती. बाबांनी मामाला हवा होता तो मोठा फोटो छापून टेबलावर ठेवला होता. आरशासारखी भिंत, तीन बदामांसकट. बाबा त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"कुठे होतीस?" आईनं विचारलं.

"शिंपीकाकूंकडे."

इस्त्री थांबली. "भिंगरे, तुला हात जोडते. तो माझा दादा आहे. आई-वडील गेले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. त्यानं स्वतःची शाळा सोडली, मला शिकवलं. माझ्या वेण्यासुद्धा त्यानं घातल्यात, वाकड्यातिकड्या. त्याच्या विरुद्ध तू उभी राहणार?"

"मामानं तुझ्यासाठी जे केलं ते खरंच आहे, आई."

"मग?"

"तडाही खरा आहे."

"तू लहान आहेस. तू काहीच नको बोलूस. पोट दुखतंय म्हणून घरी थांब. कुणी काही म्हणणार नाही."

भिंगरीला क्षणभर ते पटलंही. घरी थांबायचं. अंथरुणात शिरायचं. फोटो आपलं आपण बोलेल. मामा जिंकेल, आई आईसारखी राहील, मशीन चालत राहील. आणि शिंपीकाका कायमचे ते होतील, ज्यांनी स्वतःची भिंत स्वतःवर पाडून घेतली.

"जळतंय," बाबा म्हणाले. सदऱ्याच्या पाठीवर इस्त्री तशीच टेकलेली होती. आईनं ती उचलली. कापडावर तपकिरी त्रिकोण उठला होता.

भिंगरी टेबलाशी गेली. छापलेल्या मोठ्या फोटोशेजारी तिनं मूळ फोटो ठेवला. काकूंच्या अंगठ्याची लाल धूळ त्यावर तशीच होती.

"बाबा, आई," ती म्हणाली. आवाज कापत होता. तिनं तो कापू दिला. "मी साहेबांकडे जाणार आहे. त्यांना सांगणार आहे, की फोटो मी काढला, तडा होता, खडूच्या रेघा होत्या, आणि त्या मी पुसल्या. कुणी पूस म्हणालं ते मी सांगणार नाही. ते सांगायचं असेल तर ज्यानं त्यानं यावं आणि स्वतः सांगावं. तुम्ही आलात तर आपण मिळून जाऊ. नाहीतर मी आत्ता निघते."