चौसष्ट नळ्या

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी अभ्यासाच्या कागदावर एक ओळ लिहिली होती, "हंगामी स्थलांतर करणाऱ्या स्त्रिया वगळून." ती वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी स्वप्ना. शिरूर कासारपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, आणि त्याला लागून तीन वाड्या. अभ्यासात माझं काम म्हणजे घरोघर फिरून बायकांची नावं लिहायची, त्यांना नीट समजावून सांगायचं आणि तपासणीच्या दिवशी त्यांना हजर करायचं. अभ्यास होता अंगात रक्त कमी असलेल्या बायकांचा. निम्म्या बायकांना रोज लोहाच्या गोळ्या द्यायच्या, निम्म्यांना एकदाच सलाईनमधून लोह, आणि सहा महिन्यांनी बघायचं कुणाचं रक्त जास्त वाढलं. आता तुम्हीच सांगा, आमच्या भागात रक्त सगळ्यात कमी कुणाचं? जी दिवसभर वाकून ऊस तोडते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते तिचं. आणि नेमकं तिलाच ह्यांनी वगळलं होतं.

"स्वप्नाताई, सहा महिन्यांनी फेब्रुवारी येतो," डॉ. रुचिका म्हणाल्या. आमचं केंद्र त्यांच्या हाताखाली. अंबाजोगाईच्या व्यापारी घरातल्या, बोलायला गोड पण कामाला कडक. "तेव्हा ह्या बायका सांगलीला, कोल्हापूरला, काही कर्नाटकात. रक्त कुणाचं घेणार? मधेच एवढी माणसं सुटली की निष्कर्षाला काही अर्थ राहत नाही."

"मॅडम, दर खेपेला हेच होतं," मी म्हटलं. "माझी आई बावीस हंगाम ऊस तोडायला गेली. पाहणीवाले आले की ती फडात. शिबिर लागलं की ती फडात. कुठल्याच यादीत आली न्हाई ती. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, अंगात रक्त चार. आता तुमीपण तेच करा."

मॅडम रागावल्या नाहीत. आठवडाभर त्यांनी पुण्याशी वाद घातला आणि शेवटी एक अट घालून परवानगी मिळाली. ऊसतोडीच्या चौसष्ट बायका घ्या. सहा महिन्यांनी त्यांतल्या किमान अठ्ठावन्न जणींचं रक्त मिळालं पाहिजे, तेही ठरलेल्या पंधरा दिवसांतच. एक जरी कमी पडली तरी चौसष्टच्या चौसष्ट बाद, आणि पुढच्या वर्षी सगळ्या मराठवाड्यात जो मोठा अभ्यास होणार त्यात ती ओळ कायम. "होईल," असं मी लिहून दिलं. खाली सही माझी.

ऑगस्टमध्ये सगळ्या गावातच होत्या. तिसऱ्या वाडीची सारजाबाई, मेंढरं राखणाऱ्या सुग्रीवची बायको, तिचं रक्त भरलं सहा पॉइंट आठ. बसलेली उठली की दाराची चौकट धरायची. तिच्या वाट्याला सलाईन आलं. लोहाचं ते तपकिरी पाणी नळीतून उतरताना बघून म्हणाली, "स्वप्ने, नसंत चहा सोडायलीस का गं?" सगळा वऱ्हांडा हसला.

"सहा महिन्यांनी पुन्हा बघणार हाय हां तुझं रगत," मी तिला बजावलं. दसरा झाला, टोळ्या गेल्या, वाड्यांतून म्हातारी माणसं तेवढी उरली.

जानेवारीच्या शेवटी पुण्याच्या ऑफिसातून चौसष्ट जणींना फोन गेले. लागले अकरा. त्यातले सहा एकाच माणसानं उचलले, तो म्हणजे टोळी नेणारा बंकट मुकादम. त्यानं ठणकावलं, "बाया ऊस तोडायला आणल्यात, रगत द्यायला न्हाई." बाकीचे नंबर कुणाच्या नवऱ्याचे, कुणाचं रिचार्ज संपलेलं. पुण्याच्या यादीत त्रेपन्न नावांपुढं "संपर्क नाही" असं लिहून आलं. मी ती यादी घेऊन केंद्रामागच्या पायरीवर बसले आणि रडले. लाज कसली त्यात? सही माझी होती.

त्याच आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रचाराला रंग चढला. सरपंचपदाला दोघं उभे, बबनराव आणि सुंदरराव. मतदान फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. वाडीतल्या एका म्हातारीला गोळ्या द्यायला निघाले होते, वाटेत बबनरावांच्या घराशी पाणी प्यायला थांबले, तर आत भिंतीवर हा एवढा मोठा तक्ता. ऊसतोडीला गेलेल्या प्रत्येकाचं नाव. पुढं कारखाना, पुढं मुकादम, पुढं फड कुठल्या गावात, आणि आणायला दोघांपैकी कुणाची क्रूझर जीप जाणार तेही. सारजाबाईचं नाव होतं, माझ्या चौसष्टच्या चौसष्ट जणींची होती.

हसावं का चिडावं तेच कळेना. मतासाठी बाई कर्नाटकातूनसुद्धा सापडते, आणि रक्तासाठी सापडत नाही. मग डोक्यात आलं, अगं बये, मतदानाची तारीख आपल्या पंधरा दिवसांतच बसते. आपण कशाला त्यांच्या मागं फिरायचं, त्या स्वतःच्या पायांनी गावात येणार आहेत.

रुचिका मॅडम आधी घाबरल्या. "निवडणुकीत आपलं नाव अडकलं तर सगळंच बुडेल." पण त्यांनीच पुण्याला पटवून मंजुरी आणली. अटी तीन. टेबल मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या बाहेर. कुठल्याही उमेदवाराची मदत घ्यायची नाही. आणि मतदानाला चाललेल्या कुणालाही वाटेत अडवायचं नाही, हाकसुद्धा मारायची नाही. तिसरी अट सांगताना त्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत होत्या.

मतदान होतं शाळेत, आणि शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानाची ओसरी शाळेच्या वाटेवरच. हवालदारानं पावलं मोजून "ठीक हाय" म्हटलं. सकाळी सातलाच आम्ही टेबल मांडलं. रक्त घ्यायला जीवन होता, आमचा लॅबवाला, लई हलक्या हाताचा. बर्फाचं खोकं, जांभळ्या टोपणाच्या नळ्या आणि माझी यादी.

आठपासून क्रूझर यायला लागल्या. एकेकीत चौदा-चौदा माणसं, अंगावर उसाची बोचरी कूस, डोळे तांबारलेले. बायका मत देऊन परत फिरल्या की ओसरीवर बसायच्या. डाव्या बोटाला शाई, उजव्या कोपरात कापसाचा बोळा. दोन्ही हात गुंतलेले, आणि तोंडं मात्र मोकळी. एक म्हणाली, "आज सगळ्यांनाच आमचं कायतरी पायजे."

दहाच्या सुमारास बबनराव आले. "ताई, टेबलाला आमचा एवढा एक फोटो लावला तर?"

"इथं फक्त सुई लावतात," मी म्हटलं. "बसताव का?"

गेले बिचारे. सुंदररावांनी चहाची किटली धाडली, ती मी झाकणसुद्धा न उघडता परत केली. मग कुणीतरी आवई उठवली की रक्त बबनरावांसाठी चाललंय. त्यावर आमच्या बायकांनीच उत्तर दिलं, की बबनरावांच्या अंगात आणखी रगत मावायला जागाच न्हाई.

दुपारी चारला यादीत सत्तावन्न खुणा झाल्या. एक हवी होती, फक्त एक. राहिलेल्या सातही जणी कर्नाटकात, बंकट मुकादमाच्या टोळीत, आणि त्यांना आणणारी सुंदररावांची क्रूझर दुपारी बार्शीपाशी पंक्चर होऊन दोन तास मागं पडलेली. मतदान साडेपाचपर्यंत. पाच वाजले. मॅडम घड्याळाकडं बघेनात आणि मी रस्त्यावरून नजर काढेना. आई आठवत होती सारखी.

पाच वाजून बारा मिनिटांनी क्रूझर आली. दार उघडायच्या आत सुंदरराव धावले. "चला, चला, शाळेकडं. अठरा मिनिटं राहिलीत." मागून बंकट खेकसला, "मत टाकलं की सरळ गाडीत बसायचं. थांबायचं न्हाई कुठं. उद्या सकाळी फड गाठायचाय."

सातजणी ओसरीसमोरून निघाल्या. सगळ्यात पुढं सारजाबाई. परतीच्या वाटेवर बंकट त्यांना थांबू देणार नाही हे मला कळत होतं. एक हाक मारली असती तर झालं असतं. हाक घशापर्यंत आली होती. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि गप्प उभी राहिले. जन्मात एवढं गप्प मी कधी राहिले नव्हते.

चार पावलं पुढं जाऊन सारजाबाई थांबली. वळली.

"स्वप्ने, तू म्हणलीवतीस ना, सहा महिन्यांनी रगत बघणार. झाले की सहा महिने."

"सारजाबाई, ते मागून," सुंदरराव हात जोडायच्या बेतात आलेले. "आधी मत."

"मागून तुमी मला गाडीत कोंबणार, आबा," ती म्हणाली आणि टेबलापाशी येऊन बसली. "मत मागायला तुमी दर टायमाला गाडी धाडता. माझ्या अंगात रगत किती हाय, हे इचारायला आजवर ह्या पोरीबिगर कुणी आलं न्हाई. आधी रगत. मग मत."

बाकीच्या सहाजणी तिच्यामागं रांगेत उभ्या राहिल्या. मला हुंदका आला, तो मी यादीत तोंड घालून लपवला.

पुढची दहा मिनिटं सुंदररावांसारखा आमच्या अभ्यासाचा हितचिंतक अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. "हात चालवा हो जीवनराव," म्हणत ते बर्फाचं खोकं उचलायला आले. "खोक्याला हात लावू नका, अट हाय," मी म्हटलं. मग घड्याळ धरून मिनिटं मोजत राहिले. बंकटसुद्धा चुळबुळत एकेकीला "बाही वर घे, बाही" सांगायला लागला. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी सातवी नळी भरली आणि सातजणी कोपर दाबून शाळेकडं पळाल्या. फाटक बंद व्हायच्या आत सातही आत. त्यांनी मत कुणाला दिलं ते त्यांनाच माहीत. सुंदरराव दोन मतांनी पडले.

जीवननं नळ्या दोनदा मोजल्या. चौसष्ट. अठ्ठावन्न नव्हे, चौसष्ट. आणि गावातच राहणाऱ्या, केंद्राच्या दारातल्या साठ बायकांमधल्या नऊजणी त्या पंधरवड्यात आल्याच नाहीत. मी ते दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात लिहून पुण्याला पाठवले. त्यात थोडा खवचटपणा होता, मी नाकारत नाही.

आठ दिवसांनी बंकटला फोन लावला. ह्या वेळी त्यानं मुकाट्यानं सारजाबाईला दिला. "मावशे, अकरा पॉइंट नऊ भरलं तुझं," मी सांगितलं.

"आकडा तुला ठेव," ती म्हणाली. "मोळी घेऊन फळी चढताना आता डोळ्यांपुढं अंधार येत न्हाई. मला तवाच कळलंतं."

गोळ्या फडावर कुणाच्या भिजल्या, कुणाच्या हरवल्या, त्यांचं रक्त जेमतेम हललं. एकदाचं सलाईन मात्र आमच्या बायकांच्या अंगी लागलं. हे आता पुण्याच्या अहवालात छापलेलं आहे.

जूनमध्ये मोठ्या अभ्यासाचा कच्चा कागद आला. रुचिका मॅडमनी तो माझ्यापुढं ठेवला. जुन्यावरून उतरवलेला, म्हणून ती ओळ तिथंच होती. त्यांनी पेन दिलं. "तुम्हीच खोडा." मी इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.

नवीन कागद छापून आला, त्यात पत्त्याखाली एक रकाना जास्तीचा होता, "हंगामात कुठे." पहिली ओळ मी भरली, सारजाबाईच्या सुनेची. कर्नाटक, बंकट मुकादमाची टोळी, फडाचं गाव. माझ्या आईचा पत्ता कुणी एकदा जरी असा लिहून घेतला असता, तर ती आज घरात असती. आता सुनेचा लिहिला आहे, आणि फेब्रुवारीत मी तिला शोधून काढणार आहे.