माझ्या पोटातला बांध

मी सर्व्हर बोलतोय. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या अडगळीत, मोडक्या बाकांखाली पडलोय. राग अजून गेलेला नाही, म्हणून बोलतोय.

दोन हजार चार साली मी आलो तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला, मला हार घातला. कॉलेजातल्या दोन विभागांची पोरं आपापल्या खोलीतून माझ्यावर काम करणार होती. प्रश्न एवढाच होता, माझ्यात लिनक्स कोणतं घालायचं? माझा कारभार बघणारी ही यंत्रणा फुकटची, पण तिची घराणी अनेक.

"फेडोरा घाला, ताजं हाय," एका विभागाचे प्रमुख कृष्णात सर म्हणाले.

"डेबियन घाला. जुनं हाय, पण बंद पडत न्हाय," दुसऱ्या विभागाचे नागसेन सर म्हणाले.

दोघांनी एकमेकांबरोबर चहा पिणं सोडलं. शेवटी तोडगा निघाला, तो शेताच्या भांडणात निघतो तसाच. वाटणी! माझ्या डिस्कचे दोन तुकडे केले. सोमवार ते बुधवार फेडोरा, पुढं डेबियन. एक जागं असलं की दुसरं झोपलेलं. सगळ्यांसाठी आणलेला मी, निम्म्यांनाच पुरू लागलो. काय अक्कल म्हणायची ही!

सोनम मुरगूडहून एसटीनं यायची. डेबियनच्या वाटणीत तिनं वर्षभर राबून दूध डेअरीसाठी प्रोग्रॅम लिहिला. तो परीक्षकांपुढं चालला, की गावच्या डेअरीत तिची नोकरी ठरलेली होती.

"सर, ह्याची कॉपी काढून ठेवूया का?" तिनं विचारलं होतं.

नागसेन सर हसले. "डेबियन हाय त्ये! काय हुतंय त्याला?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी कृष्णात सरांनी नवं फेडोरा घालायला घेतलं. जागा पुरेना. मग त्यांनी सरळ बांध कोरला आणि शेजारच्या वाटणीत घुसले. सोनमचं वर्ष माझ्याच पोटात पुसलं गेलं.

सकाळी ती पडद्यासमोर बसली. "सर, माझं कायबी दिसंना की!"

दोन्ही सर एकमेकांवर ओरडत राहिले. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. डेअरीनं दुसरा माणूस घेतला आणि सोनम पुन्हा कॉलेजात आली नाही.

पुढं कॉलेजनं विंडोजचा नवा सर्व्हर आणला. दोघं सर आता एकाच टेबलावर चहा पितात.

लोकहो, निवडायचं तर निवडा, भांडायचं तर भांडा. पण त्या दोघांनी सोनमला कधीच सांगितलं नाही, ते मी सांगतो. फेडोरा काय नि डेबियन काय, आतला गाभा एकच. पोरीचं काम दोन्हींवर चाललं असतं.